गाडी सिडच्या घराकडे वळलीच नाही

एफसी रोडवर किंवा फॅशन स्ट्रीटवर टी-शर्ट चाळताना तो तुमच्या हाताला लागलाच असेल. काळं कापड, त्यावर त्रिकोणी प्रिझम, एका बाजूने पांढरा किरण आत आणि दुसऱ्या बाजूने इंद्रधनुष्य बाहेर. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, साल १९७३. एकही गाणं न ऐकता हा टी-शर्ट घालणारे खूप आहेत. (मीही त्यातलीच, गाणी नंतर ऐकली.)

पण ज्या पोराने या बँडला नाव दिलं, पहिली हिट गाणी लिहिली, तो त्या अल्बममध्ये कुठेच नाही. तोवर त्याला बँडमधून जाऊन पाच वर्षं झाली होती. जाऊन म्हणजे, खरं सांगायचं तर, काढून. त्याचं नाव सिड बॅरेट.

खरं नाव रॉजर कीथ बॅरेट. जन्म ६ जानेवारी १९४६, इंग्लंडमधलं केंब्रिज. वडील पॅथॉलॉजिस्ट. सिडला सोळावं लागायला महिनाभरही उरला नव्हता, तेव्हा ते कॅन्सरने गेले. आईने मग घरात भाडेकरू ठेवले. ‘सिड’ हे नाव मित्रांनी गावातल्या एका जॅझ वाजवणाऱ्यावरून पाडलेलं. त्याला व्हायचं होतं चित्रकार. १९६४ मध्ये तो लंडनला कॅम्बरवेलच्या आर्ट कॉलेजात आला. गावचाच रॉजर वॉटर्स तिथे आर्किटेक्चर शिकत होता. त्याच्या कॉलेजचे निक मेसन आणि रिचर्ड राइट हेही बँडमध्ये होतेच. दर काही महिन्यांनी बँडचं नाव बदलायचं. सिडने पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची पहिली नावं जोडली आणि विषय संपला.

आता त्याचं गिटार ऐका. बोटांची चपळाई वगैरे नाही. हा पठ्ठ्या सिगारेटचा लायटर तारांवरून घासायचा आणि तो आवाज इको मशीनमधून फिरवायचा. गिटारला गोल आरसे चिकटवलेले. शब्द मात्र अगदी लहान मुलाचे: मांजर, बुटके, सायकल. ‘सी एमिली प्ले’ ब्रिटिश चार्टवर सहाव्या नंबरपर्यंत गेलं. ऑगस्ट १९६७ मध्ये पहिला अल्बम आला, ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’. तो ॲबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड होत होता तेव्हा त्याच इमारतीत बीटल्स ‘सार्जंट पेपर’ करत होते. सिड होता एकवीस वर्षांचा.

त्याच वर्षी सगळं बिघडलं. एलएसडीचं प्रमाण वाढत गेलं. कधी तो स्टेजवर अख्खा वेळ एकच सूर वाजवायचा, कधी गिटार गळ्यात अडकवून नुसता उभा. अमेरिकेत टीव्हीवर गाण्याला ओठ हलवायचे होते, याने ते मिटूनच ठेवले. बाकीचे तिघंही विशीतलेच. यावर काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी सिडचाच केंब्रिजमधला दोस्त डेव्हिड गिलमर याला बोलावलं. सिडने घरी बसून गाणी लिहावीत, स्टेज गिलमरने सांभाळावं, असा बेत होता. जेमतेम काही कार्यक्रम पाच जणांनी केले. एका तालमीत सिडने नवं गाणं आणलं, नावच ‘जमलं का?’ अशा अर्थाचं, आणि दर वेळी चाल बदलत राहिला. बाकीचे पकडायला धावतायत आणि हा पुढेच. लोक याला वेडाचा झटका म्हणतात. मला तरी ती त्याची शेवटची थट्टा वाटते.

२६ जानेवारी १९६८. साउदम्प्टनला कार्यक्रम होता. गाडी निघाली. सिडला घ्यायचं का, असं कुणीतरी विचारलं. नको, असं कुणीतरी म्हटलं. गाडी त्याच्या घराकडे वळलीच नाही. मीटिंग नाही, मतदान नाही, भांडणसुद्धा नाही. आपल्याकडे एकाला वगळून नवा व्हॉट्सॲप ग्रुप कसा निघतो, आठवा. सिड नुकताच बावीसचा झाला होता. मी आत्ता बावीसची आहे, म्हणून असेल, पण या तारखेपाशी मी दर वेळी अडखळते.

मॅनेजरांना वाटलं, सिड नाही तर बँड नाही. ते सिडसोबत गेले. उरलेल्यांनी स्टुडिओत बसून दुसरा अल्बम पूर्ण केला, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’. त्याच्या शेवटी सिडचं एक गाणं त्यांनी राहू दिलं, ‘जगबँड ब्लूज’. तो जाण्याआधी काही महिने रेकॉर्ड झालेलं, मध्येच साल्व्हेशन आर्मीचा ब्रास बँड वाजतो. ऐकताना वाटतं, आपण आता इथे नाही आहोत हे सगळ्यांत आधी त्यालाच कळलं होतं.

गंमत बघा, ज्यांनी काढलं तेच मदतीलाही आले. १९७० मध्ये सिडचे दोन सोलो अल्बम निघाले. पहिल्याच्या निर्मितीत गिलमर आणि वॉटर्स, दुसऱ्याच्या निर्मितीत गिलमर आणि राइट. सिड ओळ कुठे लांबवेल, कुठे तोडेल याचा नेम नसायचा, बाकीच्यांनी मागून जुळवून घ्यायचं. १९७२ मध्ये केंब्रिजला एक बँड काढला, तोही लगेच मोडला.

मग १९७५. प्रिझमवाल्या अल्बमने पिंक फ्लॉइड जगभर पोचलेले, आणि चौघंही आतून रिकामे. ॲबी रोडमध्ये दिवसच्या दिवस वाया जात होते. गिलमरच्या गिटारवर चार सूर सापडले, त्यातून वॉटर्सने सिडवर गाणं लिहिलं, ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’. अल्बमचं नाव ‘विश यू वेअर हिअर’. ५ जूनला याच गाण्याचं मिक्सिंग चालू असताना एक जाडसर माणूस आत आला. डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. बराच वेळ कुणाला कळेना, हा कोण. तो सिड होता. सात वर्षांपूर्वीचा सडपातळ, कुरळ्या केसांचा सिड. वॉटर्सला रडू फुटलं. सिड थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

पुढे तो केंब्रिजला परतला आणि पुन्हा रॉजर झाला. चित्रं काढायची, त्यांचा फोटो घ्यायचा आणि चित्र नष्ट करायचं. बागकाम, सायकलवरून बाजारहाट. जुन्या गाण्यांची रॉयल्टी त्याला मिळत राहील याकडे गिलमर लक्ष ठेवून होता. पत्रकार मात्र दार वाजवायचे, चोरून फोटो काढायचे. ‘वेडा जीनियस’ हा शिक्का आम्हा मीडियावाल्यांना फार आवडतो, त्याच्या घरच्यांना तो कधीच पटला नाही.

२ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये भांडून वेगळे झालेले चौघं २४ वर्षांनी एकत्र उभे राहिले आणि वॉटर्सने एक गाणं सिडला अर्पण केलं. वर्षभराने, ७ जुलै २००६ ला, साठाव्या वर्षी रॉजर बॅरेट गेला.

ऐकायचंच असेल तर प्रिझमवाला अल्बम नंतर. आधी १९६७ चा लावा, ब्रिटनमध्ये निघालेला. त्यातलं शेवटचं गाणं सायकलवर आहे.