कुंडी फुटायची म्हणून माळ्याने जाळी घातली, त्यातूनच आला आजचा स्लॅब

घरकुलाचा स्लॅब टाकण्याआधी सळईची जाळी बांधतात, हे आपण सगळेच बघतो. लोखंड घातलेल्या सिमेंटचं हे काम जगात ज्याच्या नावाने ओळखलं गेलं, तो इंजिनिअर नव्हता. माळी होता.

जोसेफ मोनिए. जन्म ८ नोव्हेंबर १८२३, दक्षिण फ्रान्समधल्या सँ-कँतँ-ला-पोतरी या गावचा. गाव मातीच्या भांड्यांचं, नावातच कुंभारकाम आहे. भावंडं दहा. घरचे लोक एका मोठ्या सरदाराच्या बागेत माळीकाम करायचे, जोसेफही लहानपणीच तिथे राबायला लागला आणि शाळा राहून गेली. तरुणपणी पॅरिसला आल्यावर दिवसा काम करून तो रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकला.

पॅरिसची थंडी संत्र्याला सोसत नाही. म्हणून झाडं मोठ्या कुंड्यांत लावून हिवाळ्यात आत न्यायची. लाकडी पेट्या कुजायच्या, मातीच्या कुंड्या फुटायच्या. मोनिएने लोखंडी जाळीचा सांगाडा केला आणि त्यावर सिमेंट चढवलं. कुंडी टिकली. १६ जुलै १८६७ ला त्याने पेटंट घेतलं.

काँक्रीट दाबाला दमदार, पण ताण आला की तडकतं. लोखंड ताण झेलतं, पण उघडं राहिलं की गंजतं. एकत्र आले की दोघं एकमेकांना सांभाळतात. उन्हाने दोन्ही जवळपास सारखेच फुगतात, त्यामुळे पकड सुटत नाही. अशा जोड-मालाला कंपोझिट म्हणतात. फायबरची टाकी, पवनचक्कीचं पातं याच जातीचं. तिथे सळईच्या जागी काचेचे धागे आणि सिमेंटच्या जागी रेझिन. आपल्याकडे भिंतीच्या चिखलात भुसा कालवायचे, तेही हेच.

खरं सांगायचं तर मोनिए पहिला नव्हे. फ्रान्समधल्याच लाम्बो नावाच्या गृहस्थाने लोखंडी जाळी आणि सिमेंटची होडी करून १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली होती. पण मोनिए तिथेच थांबला नाही. पाइप, टाक्या आणि १८७५ मध्ये शाझले इथे सुमारे १४ मीटरचा पूल. तो आजही उभा आहे.

हिशेब मात्र त्याला येत नव्हता. सळई नेमकी कुठे हवी, हे तो अंदाजाने ठरवायचा. जर्मन ठेकेदारांनी त्याच्या पेटंटचे हक्क घेतले, आणि १८८६ मध्ये कोनेन या इंजिनिअरने गणित मांडलं: जिथे ताण, तिथे लोखंड. म्हणजे स्लॅबच्या मधल्या भागात खालच्या अंगाला, पण सज्जात वरच्या अंगाला. माल ओतताना सज्जाच्या सळईवर पाय पडून ती खाली दबते आणि सज्जा धोक्यात येतो. गवंड्याला त्याच वेळी टोकायला लाजू नका.

त्याच्या पद्धतीवर जर्मनीत मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. मोनिएचा स्वतःचा धंदा मात्र बुडाला. १९०६ मध्ये तो पॅरिसमध्ये गरिबीत वारला. जर्मनीत आजही सळईला मोनिएचं लोखंड म्हणतात.