डॉक्टर थिओबाल्ड पाम

वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात, जाळी दुरुस्त होत असतात आणि त्यांच्यामध्येच कोळ्यांची मुले उघड्या अंगाने खेळत असतात. ज्या उन्हाकडे आपण फुकटचे म्हणून लक्ष देत नाही, त्याचे मोल पुराव्यानिशी जगापुढे मांडणाऱ्या एका मिशनरी वैद्याचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहो.

थिओबाल्ड पाम यांचा जन्म १८४८ साली सिलोनात एका पाळकाच्या घरी झाला. एडिंबरो येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन, तेथीलच वैद्यकीय मिशनच्या वतीने ते १८७४ साली जपानास गेले आणि पुढे निगाता या बंदरात त्यांनी सुमारे आठ वर्षे रुग्णसेवा केली. त्या परदेशात त्यांस पत्नी व बालक यांच्या मृत्यूचे दुःख सोसावे लागले; तरी त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही.

पुढे ते विलायतेस परतले व उत्तर इंग्लंडात वैद्यकी करू लागले. तेथे पाय वाकलेली, उशिरा चालू लागणारी मुले पाहून ते चकित झाले. हा मुडदूस होय. जपानात त्यांस तो जवळजवळ दिसलाच नव्हता. आणि येथे, खाणेपिणे बरे असलेल्या देशात, तो घरोघर का असावा?

त्यांनी आपल्या तर्कावर विसंबून न राहता चीन, हिंदुस्थान आदी देशांतील मिशनरी वैद्यांस पत्रे घालून विचारणा केली. जेथे दारिद्र्य व अस्वच्छता पुष्कळ पण ऊनही पुष्कळ, तेथे मुडदूस क्वचित. जेथे धुराने आकाश झाकलेले व गल्ल्या अरुंद, तेथे तो फार. १८९० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, व मुलांस उन्हात न्यावे असा उपाय सुचविला. परंतु विद्वानांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि पुढील तीस वर्षे कित्येक लेकरांची हाडे व्यर्थ वाकत राहिली.

१९१९ साली बर्लिन येथे हुल्डशिन्स्की यांनी दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला. १९२२ साली मॅककॉलम यांनी माशाच्या यकृताच्या तेलातील मुडदूस हरणारे द्रव्य वेगळे ओळखले. तेच ड जीवनसत्त्व. ऊन कातडीवर पडले म्हणजे ते शरीरात आपोआप तयार होते, आणि त्याच्या योगे अन्नातील चुना हाडांस मिळतो. त्याच साली हचिसन व शाह यांनी आपल्या नाशिकची पाहणी प्रसिद्ध केली. उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत मुडदूस नव्हता. पडदा पाळणाऱ्या सधन घरांत, अंधाऱ्या खोल्यांतील मुलांत मात्र तो होता. पाम यांचे म्हणणे आपल्याच भूमीवर खरे ठरले. ते १९२८ साली निवर्तले.

आता वरळीस कोळीवाड्याभोवती उंच इमारती उभ्या आहेत, आणि भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशातही शहरांत व खेड्यांत ड जीवनसत्त्वाची उणीव आढळते. काचेआडून आलेल्या उन्हाने ते तयार होत नाही. मासे व अंडी यांतूनही ते थोडेबहुत मिळते. अंगावर पिणाऱ्या बाळास वैद्य रोज ४०० युनिटांचे थेंब देतात. ते त्यांच्या सल्ल्यानेच द्यावे, कारण अतिरेक झाल्यास अपाय होतो. तान्ह्यास कडक उन्हात ठेवू नये.

पाम यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. दूरदूरच्या सेवकांनी आपापल्या गावी जे डोळ्यांनी पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून कळविले, व त्यातूनच सत्य उजेडात आले. घरोघर भेटीस जाणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. दीड वर्षाचे झाले तरी न चालणारे किंवा पाय वाकलेले मूल दिसल्यास त्याच्या मातेस दोष न देता, त्यास त्वरित दवाखान्यात पोहोचवावे.