डॉ. होमी जहांगीर भाभा

अणूच्या शक्तीशीं ज्यांचें नांव भारतांत कायमचें जोडलें गेलें, त्या थोर शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

होमी भाभा यांचा जन्म मुंबईंत एका पारशी कुटुंबांत ता. ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं झाला. १९२७ सालीं ते केंब्रिजला गेले. मुलानें यंत्रशास्त्र शिकावें ही वडिलांची इच्छा त्यांनीं प्रथम पुरी केली व मग आपल्या आवडीच्या पदार्थविज्ञानाकडे ते वळले. १९३९ मध्यें सुटींत स्वदेशीं आले असतां युरोपांत महायुद्ध पेटलें व परतीची वाट बंद झाली. तेव्हां बंगलोर येथें सर चंद्रशेखर रामन यांच्या संस्थेंत त्यांनीं संशोधन चालविलें. १९४५ मध्यें टाटांच्या साहाय्यानें त्यांनीं मूलभूत संशोधनाची संस्था स्थापिली. त्याच वर्षीं हिरोशिमा व नागासाकी हीं शहरें अणुबाँबनें उद्ध्वस्त झालीं.

१९४८ मध्यें भाभा अणुशक्ति आयोगाचे अध्यक्ष झाले आणि ता. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं मुंबईनजीक ट्रॉम्बे येथें 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. युरेनियमचा एक अणु फुटला कीं त्यांतून दोन-तीन कण सुटतात व ते शेजारचे अणु फोडतात. भट्टींतील नियामक कांबी जास्तीचे कण शोषून घेतात. बाँबमध्यें हा आवर नसल्यामुळें क्षणार्धांत सर्वनाश ओढवतो.

राष्ट्रांच्या भयाचेंही असेंच आहे. आमचा नांदुऱ्याकडील मुलूख कपाशीचा. एका गंजीवरील ठिणगी दुसऱ्या गंजीस कशी गांठते हें येथें कोणास सांगावयास नको. १९४५ मध्यें अमेरिकेजवळ बाँब आला. १९४९ मध्यें रशियानें, १९५२ मध्यें इंग्लंडनें, १९६० मध्यें फ्रान्सनें व १९६४ मध्यें चीननें तो करून पाहिला. १९५५ मध्यें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठीं जिनिव्हा येथें भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष भाभाच होते. परंतु चीनच्या स्फोटानंतर त्यांनींही आकाशवाणीवरून बाँबचा खर्च फारसा नसल्याचें सांगितलें व त्याबरोबरच सर्व राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरणाचा आग्रह धरला. शेजाऱ्याचें भय थोरांच्याही मनास कसें स्पर्श करतें, तें यावरून दिसतें.

ता. २४ जानेवारी १९६६ रोजीं माँ ब्लाँ पर्वतावर विमान आदळून त्यांचा अंत झाला. पुढें १९७४ मध्यें भारतानें पहिला अणुस्फोट केला आणि १९९८ मध्यें भारत व पाकिस्तान या दोघांनींही अण्वस्त्रांच्या चाचण्या केल्या.

असें युद्ध लहानशा चकमकीनें किंवा खोट्या वार्तेनेंही सुरू होऊं शकेल. थांबलों तर आपलीं अस्त्रें आधींच नष्ट होतील, ह्या धास्तीनें एक पक्ष घाई करील. दुसरा दुप्पट उत्तर देईल. आणि मग शहरांवर पाळी येईल. १९६२ मध्यें क्यूबाच्या प्रकरणीं जग ह्या कड्यापर्यंत गेलें होतें. म्हणूनच १९६३ मध्यें वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यामध्यें थेट संदेशाची सोय झाली. भारत व पाकिस्तान यांनीं एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार १९८८ मध्यें केला. १९९२ पासून दरवर्षीं १ जानेवारीस ते त्या केंद्रांच्या याद्या परस्परांस देत आले आहेत. ह्याच त्या आवर घालणाऱ्या कांबी होत.

भाभांची बुद्धि व उद्योग आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य घ्यावा. पण शक्ति मिळविणाऱ्यानें ती आवरण्याची विद्याही शिकली पाहिजे, हा त्यांच्या भट्टीचा धडाही विसरूं नये.