जीन्सवर नाव लेव्हीचं, पण खिशाला रिव्हेट ठोकणारा शिंपी वेगळाच होता

घरात कुणाची जीन्स वाळत असेल तर तिचा खिसा नीट बघा. कोपऱ्यावर तांब्याची एक छोटीशी टिकली ठोकलेली दिसेल. तिला म्हणतात रिव्हेट.

जीन्स म्हटलं की नाव येतं लेव्ही स्ट्रॉसचं. पण लेव्ही होता कापडाचा घाऊक व्यापारी. पँटच्या खिशाला ही टिकली पहिल्यांदा ठोकली ती जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने.

जेकबचा जन्म १८३१ चा, रिगा शहरातला. आज ही लाटव्हियाची राजधानी आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होती. घर ज्यू, आडनाव युफेस. शिंपीकाम तो तिथेच शिकला. १८५४ मध्ये त्याने अमेरिका गाठली आणि आडनाव बदलून डेव्हिस केलं.

पुढची पंधरा वर्षं नुसती वणवण. शिवणकाम केलं, कॅनडात जाऊन सोनं शोधलं, तंबाखूचं दुकान टाकलं, बिअरच्या धंद्यात पैसे घालून बुडवले. कॅनडात असतानाच ॲनी या जर्मनीहून आलेल्या मुलीशी लग्न झालं. संसार वाढत होता, पण धंदा काही लागत नव्हता.

शेवटी नेवाडातल्या रेनो या गावात तो पुन्हा सुई-दोऱ्याकडे वळला. रेल्वेमुळे हे गाव नुकतंच वसलं होतं. जेकब तंबू, घोड्यांच्या झुली आणि गाड्यांवरची आच्छादनं शिवायचा. त्यासाठीचं जाड पांढरं कापड यायचं सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉस अँड कंपनीकडून.

डिसेंबर १८७० मध्ये एका लाकूडतोड्याची बायको दुकानात आली. नवऱ्याच्या पँटी टिकतच नाहीत, लगेच फाटतात, ही तिची तक्रार. तिने ३ डॉलर आगाऊ दिले आणि मजबूत पँट मागितली.

जेकबने त्याच जाड पांढऱ्या कापडाची पँट शिवली. पण पँट सगळ्यात आधी उसवते ती खिशाच्या कोपऱ्यावर. कारण हात घातला, हत्यार कोंबलं की सगळा ताण त्याच टाक्यांवर येतो. झुलींना पट्टे बसवायचे तांब्याचे रिव्हेट टेबलावर पडलेले होते. त्याने तेच खिशाच्या कोपऱ्यांवर ठोकले. म्हणजे ही पहिली रिव्हेटवाली पँट निळी नव्हती, पांढरी होती.

बातमी तोंडोतोंडी पसरली आणि दीड वर्षात २०० पँटी गेल्या. मागणी एवढी की एकट्याचे हात पुरेनात. त्यात शेजारचे दुकानदार हीच युक्ती उचलतील ही धास्ती. यावर उपाय एकच, पेटंट. पण त्याला ६८ डॉलर लागणार होते. त्याच्या हिशेबात या रकमेसाठी वीसपेक्षा जास्त पँटी विकायला हव्या होत्या. शिवाय आधीच्या शोधांच्या पेटंटपायी पैसे गेलेले असल्याने ॲनीचा याला विरोध होता, असं सांगतात.

मग जुलै १८७२ मध्ये जेकबने थेट लेव्हीच्या कंपनीला पत्र धाडलं. इंग्रजी लिहिण्यात तो कच्चा असल्याने गावातल्या औषधविक्रेत्याची मदत घेतली. देवाणघेवाण साधी होती : खर्च तुम्ही करा, हक्क अर्धा-अर्धा.

लेव्ही स्वतः बव्हेरियातून आलेला ज्यू. त्याला धंदा लगेच दिसला. पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला, कारण बुटांना रिव्हेट आधीपासूनच असायचे. दुरुस्त्या करत करत अखेर २० मे १८७३ ला पेटंट मिळालं, क्रमांक १३९१२१.

जेकब बायका-मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि पँटी बनवण्याच्या कामावर देखरेख करू लागला. १९०८ मध्ये मरेपर्यंत तो याच कंपनीत राहिला.

मग त्याचं नाव मागे का पडलं? एक तर पँटी विकल्या गेल्या कंपनीच्या नावाने. दुसरं म्हणजे १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत कंपनीची जुनी कागदपत्रं जळाली आणि जीन्स लेव्हीनेच शोधली ही दंतकथा रुजली. पण १८७४ मध्ये नक्कल करणाऱ्या एका कंपनीवर खटला भरला होता. त्यात जेकबने दिलेली साक्ष शिल्लक राहिली. त्या लाकूडतोड्याच्या बायकोची गोष्ट आपल्याला कळते ती त्यामुळेच.

कर्जात बुडून पेटंटवर एकट्याने मालकी ठेवायची, की अर्धा हक्क देऊन घर सावरायचं? जेकबने घर निवडलं. लेव्ही अविवाहित होता, त्याची कंपनी भाच्यांकडे गेली. जेकबचा मुलगा सायमन मात्र बापाच्या जागी कारखाना सांभाळू लागला. १९१२ मध्ये त्याने लहान मुलांसाठी कव्हरॉल्स नावाचा खेळायचा पोशाख काढला आणि तोही चालला.

पुढे १९३५ मध्ये सायमन आणि त्याचा मुलगा बेन यांनी कामगारांच्या कपड्यांची स्वतःची कंपनी काढली, बेन डेव्हिस. जेकब जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती. पँटवर डेव्हिस हे आडनाव लागलं ते तेव्हा.