चढावरची ट्राम

लोखंडी रूळ गुळगुळीत आणि गाडीचे चाकही गुळगुळीत. सपाट मार्गावर ही जोडी उत्तम चालते; परंतु तीव्र चढावर चाक जागच्या जागी फिरू लागते व गाडी मागे घसरण्याचे भय असते. म्हणून काही डोंगरी मार्गांवर रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवितात. अशा दातांच्या आधारावाचून शहरातील चढ चढून जाणारी विजेची ट्राम फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्याने सिद्ध केली.

स्प्रेगचा जन्म २५ जुलै १८५७ रोजी मिलफर्ड या गावी झाला. बालपणीच त्याचे मातृछत्र हरपले आणि आत्याने त्याचा सांभाळ केला. नाविक विद्यालयातून १८७८ मध्ये तो पदवीधर झाला. पुढे काही काळ त्याने एडिसनच्या हाताखाली काम केले. परंतु विजेच्या मोटारीचा त्याला ध्यास लागला होता. म्हणून १८८४ मध्ये त्याने स्वतःचा उद्योग सुरू केला.

१८८७ मध्ये रिचमंड शहरात विजेची ट्राम सुरू करण्याचे काम त्याने पत्करले. बारा मैलांचा मार्ग, चाळीस गाड्या आणि मुदत थोडी! शिवाय तेथे शंभर फूट अंतरात दहा फूट उंची गाठणारे चढ होते. स्प्रेगने प्रत्येक गाडीला दोन मोटारी जोडल्या. दोन्ही आसांना गती मिळाल्यामुळे गाडीचा सारा भार फिरत्या चाकांवर पडे व त्यांची रुळांवरील पकड वाढे.

एके रात्री त्याने स्वतः गाडी चढावर नेऊन पाहिली. चाके घसरली नाहीत. गाडी माथ्यावर पोहोचली. पण अतिश्रमाने मोटार निकामी झाली. भोवती लोक जमले होते. स्प्रेगने सहकाऱ्याला दुरुस्तीची उपकरणे आणावयास पाठविले आणि दिवे मालवून तो गाडीतच पडून राहिला. लोक पांगल्यावर ती उपकरणे आली. ती म्हणजे चार दणकट खेचरे! त्यांनी गाडी ओढून परत नेली.

या फजितीने स्प्रेग खचला नाही. चढावर मोटारीवर फार ताण पडतो, हे त्याने ओळखले. दंतचक्रांची आणखी एक जोडी घालून त्याने तो ताण कमी केला. २ फेब्रुवारी १८८८ रोजी रिचमंडची ट्राम नियमित धावू लागली. या कामात त्याला मोठा आर्थिक तोटा सोसावा लागला. परंतु थोड्याच वर्षांत अनेक शहरांतील ट्रामच्या घोड्यांची कष्टांतून सुटका झाली.

१८९७ मध्ये त्याने अनेक डब्यांतील मोटारी एकाच ठिकाणाहून चालविण्याची पद्धत यशस्वी केली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला धावलेली विजेची गाडी याच तत्त्वावर चालली. २५ ऑक्टोबर १९३४ रोजी स्प्रेगचे निधन झाले. मुंबईच्या लोकलगाड्या आजही त्याच तत्त्वावर लक्षावधी लोकांची वाहतूक करीत आहेत.