बारा वर्षांचा शेजारी

दिंडीच्या शंभर वर्षांच्या अंकात समर्थ रामदासांचं चरित्र कशाला, असं कुणी विचारील. आपण माळकरी, आपली वाट पंढरीची, आणि पौषात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची. पण आम्ही पंचवटीची माणसं. रामकुंडावर ज्यांची सकाळ उजाडते, त्यांना हा बारा वर्षांचा शेजारी टाळता येत नाही.

मूळ नाव नारायण, आडनाव ठोसर. जांब गावच्या सूर्याजीपंत आणि राणूबाई यांचा हा धाकटा मुलगा. जांब आज जालना जिल्ह्यात. जन्म १६०८ सालचा, चैत्र शुद्ध नवमीचा, म्हणजे रामजन्माचाच दिवस. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षी आईने लग्न मांडलं आणि सावधान शब्द कानी पडताच पोरगं बोहल्यावरून पळालं, ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. कीर्तनात इथे लोक हसतात, आम्हीही हसतो. घरी उरलेल्या आईचं काय झालं, हे मात्र बहुतेकदा राहूनच जातं.

पोर पायी चालत पंचवटीत आलं. आजचं काळ्या पाषाणाचं काळारामाचं देऊळ तेव्हा नव्हतं. ते सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. पण राम होता, गोदामाई होती, आणि मधुकरी घालणारी ब्राह्मणांची घरं होती. मुक्काम केला तो नदीच्या खालच्या अंगाला टाकळीला, जिथे नंदिनी गोदेला मिळते. लोक तिला नासर्डी म्हणतात. पहाटेपासून दुपारपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तेरा अक्षरी राममंत्राचा जप, मग मधुकरी, मग देवळात पुराणश्रवण. असं बारा वर्षं. जप तेरा कोटी झाला असं परंपरा सांगते. आमच्यातल्या एकाने हिशेब मांडला, तर रोजचा जवळजवळ तीस हजार आला. आपली एकशेआठ मण्यांची माळ ओढून बघा, म्हणजे समजेल.

टाकळीहून पुढे दसक गाव आहे. तिथल्या कुलकर्ण्यांची कथा म्हातारी माणसं अजून सांगतात. नवरा वारलेला, बाई सती जायला निघालेली. वाटेत जप करणारा तरुण दिसला, तिने नमस्कार केला. त्याने मान वर न करताच आठ पुत्रांचा आशीर्वाद दिला. खरं काय ते कळल्यावर त्याने गंगेचं पाणी प्रेतावर शिंपडलं, नवरा उठून बसला, आणि आठात आणखी दोन पुत्रांची भर पडली. त्यावरून घराण्याचं नाव दशपुत्रे पडलं. पहिला मुलगा त्यांनी समर्थांना दिला, तोच उद्धव, पहिला शिष्य. चमत्कार मानायचा की नाही, ज्याने त्याने ठरवावं. आमचं लक्ष त्या बाईकडे जातं, जिने पोटचं पहिलं पोर उचलून दिलं.

१६३२ च्या सुमारास समर्थ तीर्थाटनाला निघाले. उद्धव लहान, तो मागे एकटा राहणार. त्याच्यासाठी शेणाचा मारुती करून स्थापला, असं सांगतात. तो गोमय मारुती आजही टाकळीला आहे. नंदिनीचं पाणी मात्र पूर्वीचं राहिलं नाही. ज्या पाण्यात बारा वर्षं जप झाला त्यात आज पाय घालवत नाही, हे लिहिताना लाज वाटते.

आणखी बारा वर्षं देश फिरून ते जांबला गेले. चोवीस वर्षांत राणूबाईंचे डोळे गेले होते. दारात बैरागी भिक्षा मागतोय असं घरच्यांना वाटलं, म्हातारीने आवाज ओळखला. मुलाने डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं, अशी कथा आहे. पुढे ते कृष्णाकाठी गेले, मठ उभारले, शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर देह ठेवला. ते सारं सगळ्यांना माहीत आहे.

त्र्यंबकच्या वाटेवर एका मुक्कामी ही दाराची कथा सांगितली, तेव्हा दिंडीतल्या एका आजीने एवढंच विचारलं, की डोळे आल्यावर तो घरी किती दिवस राहिला. आम्हाला उत्तर देता आलं नाही. काकड्याची वेळ होईपर्यंत ती जागीच होती.