विमेदारांचे चिंतामणराव

महाडनजीकच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाराष्ट्राला आठवतात ते मुंबईच्या प्रश्नावर १९५६ च्या जुलैत दिलेल्या बाणेदार राजीनाम्यामुळे. त्याआधी सहाच महिने अर्थमंत्री या नात्याने त्यांनी विमेदारांसाठी केलेली कारवाई मात्र, अन्यायानेच, मागे पडली. दशकभरात २५ आयुर्विमा कंपन्या बुडाल्या होत्या. काही संचालकांनी हप्त्यांचा पैसा आपल्याच उद्योगांकडे वळवला होता. १९३८ चा विमा कायदा त्यांना रोखू शकला नाही. निधी हलवायला सवड मिळू नये म्हणून कमालीची गुप्तता पाळून १९ जानेवारीला वटहुकूम निघाला आणि २४५ विमा संस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हा चिंतामणराव मंत्रिमंडळात नव्हते.